थंड ज्योत

"मॅडम, ही आग भाजत कशी नाही?" पहिल्याच दिवशी ज्योतीखाली बोट धरून हुसेनचाचांनी विचारलं. मधुमेहाने चिघळलेल्या त्यांच्या तळपायावर शर्वरी रोज थंड प्लाझ्माची, म्हणजे विद्युतभारित वायूची, जांभळट ज्योत फिरवायची. ती ज्योत सोडणारं यंत्र उभं करायला विद्यापीठात तिची सहा वर्षं गेली होती. पाच आठवड्यांत जखम निम्मी भरली आणि चाचा दुकानातल्या शिलाई मशीनवर पुन्हा पाय मारायची भाषा करू लागले.

मग पत्र आलं. संशोधनाचा निधी बंद, रुग्णांवरच्या चाचण्या ताबडतोब थांबवाव्यात. शर्वरी दिल्लीला जाऊन निधी देणाऱ्या खात्यातल्या साहेबांच्या दारात तिष्ठत बसली.

"लोकांच्या उपयोगाचं काही सुचवा," साहेब म्हणाले. तिने जखमेचे फोटो पुढे केले, पण ते त्यांनी पाहिलेही नाहीत.

दोन महिन्यांनी ती रुग्णालयात गेली, तेव्हा चाचांचा पाय गुडघ्यापासून कापलेला होता.

"रडू नका, मॅडम," चाचाच म्हणाले. "दुसरा पायही आता चिघळलाय. त्याच्यासाठी तरी यंत्र चालू होईल ना?"

"होईल," ती म्हणाली. त्याच सकाळी तिच्या सहीने ते भंगारात गेलं होतं.