उंबरआईच्या पायऱ्या

"पिशवी मीच घेतो," म्हणत हीरालाल एस.टी.तून उतरला, आणि कुसुमलता बघतच राहिली. एवढ्या वर्षांच्या संसारात या माणसानं कधी भाजीची पिशवी धरली नव्हती. आणि आता पोटात गाठ घेऊन ओझं वाहणार!

"अहो, द्या इकडे. दमाल."

"देऊळ बघायला आलोय, दगड फोडायला नाही. चल."

धुळ्यात त्यांचं कापडाचं दुकान होतं. मुंबईच्या डॉक्टरांनी कुसुमलताला बाजूला घेऊन सांगितलं होतं, दिवाळी बघतील असं वाटत नाही. तेव्हापासून तिच्या घशाखाली घास उतरत नव्हता.

उंबरआईचं नाव काढलं ते धुणंभांडी करणाऱ्या सुगंधाबाईनं. दुखणाईत माणसानं दर्शन घ्यायचं. बाहेर आल्यावर आपल्या वहाणा आपल्या हातानं दुसऱ्याला द्यायच्या. त्या घालून जो पायऱ्या उतरेल, त्याच्याबरोबर दुखणं जातं. मात्र घेणाऱ्यानं मागायच्या नाहीत, आणि घालायच्या त्या मनापासून. "मालकांना बोलू नका हो," असंही ती म्हणाली होती. भली बाई! गेल्याच आठवड्यात हीरालालनं तिला नवं लुगडं दिलं होतं. आजारपणात माणूस मऊ होतो, दुसरं काय.

कुसुमलतानं तेव्हाच मनाशी पक्कं केलं. यांच्यावाचून दुकान बसेल, पोरं उघडी पडतील. आपल्यावाचून कुणाचं काय अडणार होतं? "एकदा ते जुनं देऊळ बघून येऊ," एवढंच ती म्हणाली, आणि तिचं एक न ऐकणारा नवरा पटकन "जाऊ" म्हणाला. बाहेर पडताना नेहमी बूट चढवणारा माणूस आज साध्या वहाणा घालून निघाला. देवीनंच बुद्धी दिली, असं तिला वाटलं.

सातपुड्याच्या पायथ्याला ते अवाढव्य काळं देऊळ उभं होतं. जळगावची कुठलीशी मंडळी शिखराचे फोटो काढत होती. वरच्या पायरीशी मात्र कुणी थांबत नव्हतं. तिथं जुन्या पादत्राणांचा ढीग पडला होता, त्यातून गवत उगवलं होतं. एक जोड तर अगदी तान्ह्या लेकराचा.

"हात नको लावजो, बाई," झाडणारी म्हातारी बेबाबाई म्हणाली. "बठ्ठ्या दुखणाईतस्न्या शेतस. ज्यासनं कोनी नही, त्या आठेच सोडी जातस."

म्हणजे ज्यांचं दुखणं घ्यायला कुणीच नव्हतं, त्या दुखणाइतांनी इथंच टाकून दिलेल्या वहाणा या. लाल पट्ट्याच्या आपल्या नव्या चपला तिनं मुद्दाम ढिगाच्या कडेला काढल्या. आधी बाहेर यायचं, त्या ढिगात ढकलायच्या, आणि हरवल्या म्हणायचं. मग हे आपणहून देतील. देतील ना?

आत गारवा होता, आणि वटवाघळांचा वास. पुना गुरव दिवा उंच धरून एकेक खांब दाखवत होता. हीरालाल सगळं खोदून खोदून विचारत होता. हा दगड कुठला, ही मूर्ती कुणाची, खाली भुयार आहे म्हणतात ते खरं का? बाहेरच्या ढिगाबद्दल तेवढं त्यानं काही विचारलं नाही. बरं झालं, तिला वाटलं.

"तू ओटी भर. मला कोंदटतंय, जरा बाहेर थांबतो," तो म्हणाला.

तिनं घाईघाईनं नारळ ठेवला. "आई, यांचं दुखणं मला दे," ती पुटपुटली. देवीचे चांदीचे डोळे तिच्याकडे नव्हते. ते तिच्या खांद्यावरून दाराकडे लागले होते.

ती धावतच बाहेर आली, आणि जागीच थिजली. चपला नव्हत्या.

तिनं ढिगात हात घातला. नव्हत्याच. मग लख्खकन उमगलं आणि तिचे हात आपोआप जोडले गेले. आईनंच नेल्या!

"काय शोधतेस?" निंबाखालून हीरालालनं विचारलं.

"चपला. कुणीतरी नेल्या वाटतं."

एरवी या वेंधळेपणावर त्यानं चार शब्द सुनावले असते. आज मात्र आपल्या वहाणा काढून, वाकून त्यानं तिच्या पायांपुढे ठेवल्या.

"घाल. फरशी तापलीय."

"आणि तुम्ही?"

"माझं काय एवढं."

तिला भरून आलं. याच माणसाला आपण आयुष्यभर कोरडा म्हणत आलो! तिनं पाय आत सरकवले. बेबाबाईचा झाडू थांबला. ढगळ वहाणा फटक फटक वाजवत कुसुमलता पायऱ्या उतरली, आणि समोरून चढणारी गावातली माणसं मुकाट्यानं बाजूला झाली.

परतीच्या गाडीत हीरालालला गाढ झोप लागली. कित्येक महिन्यांत तो असा झोपला नव्हता. गालांवर रंगही आल्यासारखा दिसत होता. शिरपूर मागे पडलं आणि तिच्या पोटात उजव्या अंगाला बारीक कळ आली. तिनं तिथं हात दाबून धरला आणि ती हसली. ऐकलंस गं आई!

घशाला कोरड पडली होती. त्याची झोप मोडू नये म्हणून तिनं त्याच्या मांडीवरची पिशवी हळूच ओढून घेतली आणि तांब्यासाठी आत हात घातला. प्रसादाच्या पुड्याखाली, टॉवेलात नीट गुंडाळलेल्या, तिच्या लाल पट्ट्याच्या चपला होत्या.