विंगेबाहेर

सुट्टीतल्या नाटकाचं दिग्दर्शन नवऱ्याकडे आणि विंगेत उभं राहून नटांना विसरलेली वाक्यं सांगण्याचं काम बायकोकडे, ही त्या हौशी मंडळाची वर्षानुवर्षांची वाटणी होती. यंदा निवडीच्या दिवशी मात्र ती राणीच्या भूमिकेसाठी उभी राहिली. “अगं, तुला कुजबुजायची सवय. आवाज पहिल्या रांगेपर्यंत तरी पोचेल का?” तो म्हणाला, तशी सगळी मंडळी हसली. “मग तुम्ही शेवटच्या रांगेत जाऊन बसा,” ती म्हणाली. तो हसतच गेला. तिने कोपऱ्यातलं मोडकं स्टूल मधोमध ओढलं, त्यावर ताठ बसून राजाला हद्दपार करणारं भाषण ठणकावून म्हटलं. शब्द न् शब्द शेवटच्या रांगेपर्यंत पोचला. तो लगबगीने पुढे आला. “छान केलंस, पण विंगेत कोण उभं राहणार?” “ते दिग्दर्शकांनी बघावं,” ती म्हणाली आणि राणीचा पुढचा प्रवेश म्हणू लागली.