भिंतीवरची शेपटं

“बाबा, या भिंतीवर तुमच्या शर्टाचं शेपूट का नाही?”

प्रश्न खरं तर हेल्मीचा नव्हताच. शाळेच्या बसमध्ये केंडल आणि टेसा या मैत्रिणींनी पैज लावली होती, की हे विचारायची तुझ्यात धमकच नाही. आता विचारून झालं होतं, आणि शिकारीच्या खोपीतला न्याहारीचा खडखडाट एकदम थांबला होता.

ती भिंत म्हणजे लाहती घराण्याची लाज टांगायची जागा. ज्याचा बाण हरणाला चुकला, त्याच्या शर्टाचा मागचा तुकडा त्याच दिवशी कापायचा आणि खिळ्यानं ठोकायचा. आजोबांचा होता. अर्वोकाकांचे तर इतके होते की गोधडी शिवून झाली असती. आईचाही होता एक, फुलाफुलांचा. फक्त बाबांचा नव्हता.

“जो चुकत नाही त्याचं काय कापणार?” बाबा ताटातून मान वर न करता म्हणाले. “आणि तू तोंडाचा पट्टा आवर. आज पहिल्यांदा धनुष्य घेऊन बसणार आहेस. एक चूक झाली की धनुष्य खुंटीवर. थेट पुढच्या ऑक्टोबरपर्यंत.”

“हिच्यासाठी खिळा मी कालच ठोकून ठेवलाय,” अर्वोकाका हसले.

“तुमच्या गोधडीला ठिगळ कमी पडतंय का, काका?” हेल्मीनं विचारलं. आई चुलीकडे तोंड करून हसली. बाबा हसले नाहीत.

दारात त्यांनी तिचं जाकीट चिमटीत धरून ओढलं. “हे सळसळणारं घालून येणार? हरीण काय बहिरं असतं?” खुंटीवरचा आपला जुना, लाल चौकड्यांचा लोकरी शर्ट त्यांनी तिच्या अंगावर फेकला. तो तिच्या गुडघ्यांपर्यंत आला. तिचे बाण त्यांनी आपल्याच भात्यात खोचून घेतले. घरातल्या सगळ्यांच्या बाणांना सारखीच पिवळी पिसं. बाबाच बांधायचे ती. “मी देईन तेव्हाच बाण लावायचा. तोवर गप्प बसायचं. श्वाससुद्धा विचारून घ्यायचा.”

दलदलीच्या कडेला, उन्मळून पडलेल्या झाडाआड दोघं बसली. बाबा पुढे, ती मागे. गारठ्यानं बोटं लाकडासारखी झाली. बाबांना ते दिसत नव्हतं, आणि दिसलं असतं तरी त्यांना फरक पडला नसता.

मग पानं वाजली. नर होता. शिंगं फांद्यांत मिसळलेली, नाकपुड्यांतून वाफ. तो येतच राहिला. इतका जवळ आला की त्याच्या पापण्या दिसायला लागल्या. अशा वेळी धनुष्य ओढणं म्हणजे झोपलेल्या कुत्र्याच्या तोंडातून हाड काढणं. त्याचा डोळा झाडाआड जाईल त्या एका क्षणात ओढायचं आणि तिथल्या तिथे सोडायचं. ताणून धरून विचार करत बसायला हे काही ताणाचा भार स्वतः पेलणारं नव्या धर्तीचं चाकांचं धनुष्य नव्हे.

बर्चच्या खोडाआड हरणाचा डोळा गेला. बाबांनी ओढलं. आणि हेल्मीला त्यांचं कोपर दिसलं. ते थरथरत होतं.

दोरी वाजली. तो आवाज ऐकूनच हरीण खाली दबलं, बाण पाठीला घासून पलीकडे शेवाळात गेला, आणि पांढरी शेपटी झेंड्यासारखी नाचवत हरीण दिसेनासं झालं.

बाबा कितीतरी वेळ शेवाळ चिवडत होते. बाण सापडला नाही. परत आले तेव्हा त्यांचा चेहरा दगडासारखा होता.

“आज इथे काही आलं नाही,” ते म्हणाले. “कळलं?”

दुपारी खोपीत सगळे मांस-बटाटा भरलेल्या पॅस्टी खात होते. दार ढकलून अर्वोकाका आत आले. त्यांच्या हातात पिवळ्या पिसांचा बाण होता. पात्याला चार तपकिरी केस चिकटलेले, रक्ताचा थेंब नाही.

“तुमच्या झाडापलीकडे सापडला,” त्यांनी बाण टेबलावर आपटला. “बोला, कुणाचा?”

हेल्मीनं बाबांकडे पाहिलं. बाबांनी तिच्याकडे पाहिलंच नाही.

“हिचा,” ते म्हणाले. “सांगत होतो घाई करू नकोस. पण ऐकेल तर शपथ. कशाला बोभाटा, म्हणून मी गप्प होतो.”

“माझा नाहीये तो!”

खोपी हसण्यानं दणाणली. “चुकलेला प्रत्येक जण हेच म्हणतो, पोरी,” अर्वोकाका डोळे पुसत म्हणाले. “मी तर सात वेळा म्हटलंय.”

बाबांनी उठून तिचं धनुष्य घेतलं, दोरी उतरवली आणि खुंटीला अडकवलं. “ठरलं ते ठरलं. डार्ला, कात्री घे.”

आई कात्री घेऊन आली. तिनं एकदा नवऱ्याकडे पाहिलं, एकदा लेकीकडे. हेल्मीच्या डोळ्यांत पाणी होतं, पण रागाचं. तिनं खाली मान घातली. गुडघ्यांपर्यंत लोंबणारे लाल चौकडे तिला दिसले. आणि तिला हसू फुटलं.

ती सगळ्यांकडे पाठ करून ताठ उभी राहिली.

“काप, आई. चांगलं वीतभर काप, कंजूषपणा नको. आणि सगळ्यांनी ऐका. उद्या मी ते धनुष्य खुंटीवरून काढणार आहे. माझे बाण माझ्याकडे असतील, मी एकटी बसणार, आणि माझ्या स्वतःच्या शर्टात बसणार. कारण हा शर्ट बाबांचा आहे, म्हणजे भिंतीवर लागेल ते शेपूटही बाबांचंच.”