गावचं मरण

आमच्या निकाराग्वातल्या गावात कांदिदाचे वडील हिवतापाने गेले, नवरा युद्धात गोळी लागून. युद्ध थांबलं तेव्हा तिने दोन्ही मुलांना कवटाळलं. "आता म्हातारे होऊनच मराल रे!"

मुलं ऊसतोडीला लागली. भर उन्हात राबून गावातल्या कितीतरी तोडकऱ्यांसारख्या थोरल्या विल्मेरच्याही किडन्या निकामी झाल्या. तो तिशीतच गेला.

नऊ दिवसांच्या प्रार्थना आटोपल्या आणि सकाळीच धाकटा नोएल कोयत्याला धार लावायला बसला.

"तू नको ना जाऊस, नोएल!"

"मग खायचं काय, आई? दादाच्या पोरी आहेत. मुकादमाने त्याचीच जागा दिलीय मला."

 

कांदिदा आत गेली आणि तिने त्याच्या पिशवीत पाण्याची आणखी एक बाटली भरून ठेवली.