अस्सल जपानी

आमच्या भाऊजींचा सगळा जीव जुन्या, भोकाच्या जपानी नाण्यांत. त्यांना नाणेसंग्राहक मंडळात घ्यायचं की नाही, हे ठरवायला काल मंडळाचे अध्यक्ष दुसऱ्यांदा घरी आले. खुर्चीत ऐसपैस बसून त्यांनी डबीतलं एक नाणं भिंगाखाली धरलं.

"अहाहा! अक्षरं पार पुसलीत. किती पिढ्यांच्या हातांतून गेलं असेल! शंभर टक्के अस्सल. असं आमच्या मंडळात कुणाकडेच नाही."

भाऊजींची छाती फुगली. अध्यक्ष खूश होऊन मागे रेलले. "वहिनी, मागच्या खेपेला ही खुर्ची डुगडुगत होती ना?"

 

"हो ना," ताई म्हणाली, "पायाचा वायसर झिजून गुळगुळीत झाला होता. ह्यांच्या डबीतला एक घट्ट बसला, मग झिजलेला त्याच्या जागी डबीत ठेवून दिला."