प्रसन्न चेहरा

ऑफिसच्या भिंतीवरच्या कॅमेऱ्याने रेवती सोनटक्केंना सलग चौथ्या दिवशी ‘खिन्न’ ठरवलं आणि त्या बसल्या होत्या त्या विश्रांतिकक्षाचं दार बंद झालं. चेहरा प्रसन्न दिसेपर्यंत ते उघडणार नव्हतं. पण चेहऱ्याच्या लकव्यामुळे रेवतीबाईंचा डावा गाल कायमचा ओघळलेला होता.

“अहो साहेब, मी मजेत आहे. माझं काम खोळंबलंय,” त्या दाराच्या काचेतून म्हणाल्या.

“मला पटतंय हो, बाई. पण दार माझं ऐकत नाही,” बाहेरून साहेब ओशाळून म्हणाले. “गाल जरा बोटांनी वर धरता का?”

रेवतीबाईंनी डाव्या हाताने गाल उचलून धरला. दार उघडलं.

कॅमेरा त्यांच्या टेबलासमोरही होता. संध्याकाळपर्यंत त्यांनी एकाच हाताने टाइप केलं.