पितळेची चकती

वडिलांच्या जुन्या ट्रॅक्टरला सगळे गोगलगाय म्हणायचे. वडील गेल्यावर मुलानं ठरवलं, इंजिनात मोठे पिस्टन घालून बघायचे. तरी जोर आला नाही, तर ही नाचक्की एकदाची भंगारात द्यायची.

मिस्त्रीनं आधी डिझेलचा पंप उघडला आणि आतली एक पितळेची चकती काढून मुलाच्या तळहातावर ठेवली. "पिस्टन राहू देत, दादा. हिनं डिझेल अडवलं होतं. कुणीतरी मुद्दाम घडवून बसवलीय."

मिस्त्रीनं पंप परत जोडून इंजिन सुरू केलं. शेडचे पत्रे थरथरले, पायाखालची जमीन घुमली. मुलगा हातातल्या चकतीकडे बघत राहिला. एवढं बळ अंगात, आणि उभा जन्म गोगलगाय?

दारात आई उभी होती. चकती पाहून तिचे हात आपसूक जोडले गेले. "ह्यांनी बसवली ती. पेरणीला मी ट्रॅक्टरच्या मागून बी सोडत चालायचे. तेव्हा तू पोटात होतास, मला धाप लागायची."

"अगं, पण मी झाल्यावर तरी काढायची!"

"मीही तेच म्हटलं रे. तर म्हणाले, राहू दे, आता तो मागून पळत येतो."